अंगठ्याचा खर्ज सगळं गिळतो: बोटांनी वाजवलेले कंट्री ब्लूज घरी रेकॉर्ड करताना हमखास येणारी अडचण

कंट्री ब्लूज म्हणजे एकट्या गिटारवर अंगठ्याने खर्ज (बास) आणि बोटांनी चाल वाजवायची अमेरिकी शैली. ती घरी रेकॉर्ड करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशी असते. वाजवताना सगळं ठीक वाटतं. अंगठा जाड तारांवर ठेका धरून आहे, तर्जनी आणि मधलं बोट बारीक तारांवर चाल वाजवतायत, दोन्ही वेगवेगळे ऐकू येतायत. रेकॉर्डिंग लावलं की मात्र सगळीकडे घुमारा आणि चाल त्याच्यामागे दबलेली. मग इक्वलायझरवर (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या साधनावर) खर्ज कापला जातो. घुमारा जातो, पण गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजू लागते. फाइल ऐकायला पाठवली की एक जण म्हणतो बास फार आहे, दुसरा म्हणतो बास ऐकूच येत नाही, तिसरा ‘छान’ म्हणून थांबतो. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

हे पुन्हा पुन्हा होतं, कारण या एका लक्षणामागे पाच वेगळी कारणं असू शकतात: हात, गिटारचं खोकं, खोली, माईकची जागा आणि यंत्राने स्वतःहून कमी-जास्त केलेली लेव्हल. इक्वलायझर यातलं एकही कारण दूर करत नाही, फक्त झाकतो. म्हणून आधी कारण शोधायचं आणि शोधताना हातापासून सुरुवात करून यंत्राकडे जायचं. उलट दिशेने गेलं की नवा माईक घेतला जातो आणि त्यातूनही तोच घुमारा जास्त स्पष्ट ऐकू येतो.

(पुढे सहावी, पाचवी, चौथी म्हणजे जाड तारा, पहिली, दुसरी म्हणजे बारीक. ‘खालची-वरची’ म्हटलं की गोंधळ होतो, म्हणून ते शब्द टाळले आहेत.)

आधी पाच मिनिटांची चाचणी

नेहमी जिथे बसता तिथेच बसा, नेहमीच्या माईकवर, कुठलाही इफेक्ट न लावता रेकॉर्ड करा. सुरुवातीला पाच सेकंद पूर्ण शांत. मग फक्त अंगठ्याने, सारख्या जोराने, सहाव्या तारेवर मोकळ्या सुरापासून पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर) एकेक सूर छेडा, प्रत्येक तीन-चार सेकंद वाजू द्या. हा पट्टा ८२ ते ११० हर्ट्झचा. पुढे पाचव्या तारेवर मोकळ्या सुरापासून तिसऱ्या फ्रेटपर्यंत, म्हणजे ११० ते १३१ हर्ट्झ. त्यानंतर आठ मात्रापट्ट्या (चार मात्रांची एक) नुसता अंगठ्याचा ठेका आणि आठ मात्रापट्ट्या चालीसकट. शेवटी खुर्ची आणि माईक दोन्ही, त्यांच्यातलं अंतर न बदलता, अर्धा मीटर सरकवा आणि एकेक सुरांचा भाग पुन्हा वाजवा.

आता ऐकताना पाहायचं ते हे:

– एखाददुसराच सूर अंगावर येतो आणि जागा बदलल्यावर तो सूर शांत होतो किंवा दुसराच उठतो: दोष खोलीचा.
– तोच सूर दोन्ही जागी उठतो: गिटारच्या खोक्याचा.
– जाड तारांचे सगळेच सूर सारखे जड: माईक साउंडहोलसमोर (खोक्याच्या गोल भोकासमोर) किंवा फार जवळ.
– एकेक सूर स्वच्छ, पण ठेका सुरू झाला की चिखल: हाताचा.
– अंगठ्याच्या प्रत्येक ठोक्यानंतर चाल खाली बसते, आणि थांबलं की पंख्याची घरघर वर येते: यंत्राच्या आपोआप लेव्हलचा.

कानाला खात्री नसेल तर ऑडेसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सूर निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा आणि साइज १६३८४ ठेवा. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये त्याने सुमारे ३ हर्ट्झचा टप्पा मिळतो. लहान साइजवर शेजारचे जाड सूर एकमेकांत मिसळून दिसतात आणि काहीच कळत नाही. बरेचदा एकापेक्षा जास्त कारणं एकत्र सापडतात. तरी एका वेळी एकच गोष्ट बदला.

हात

आलटता ठेका नीट पाहा. सी कॉर्ड धरला आहे आणि अंगठा पाचवी, चौथी, सहावी, चौथी असा फिरतोय. तार छेडली की ती पुन्हा छेडेपर्यंत वाजत राहते. पाचवी चार मात्रांनी परत येते, सहावीसुद्धा चार मात्रांनी. म्हणजे न दाबता वाजवलं तर दुसऱ्या मात्रापट्टीपासून कोणत्याही क्षणी तिन्ही जाड तारा एकावर एक घुमत असतात. समोर बसलेल्या माणसाचा कान त्यातून चाल वेगळी काढतो, माईक तसं काही करत नाही. रेकॉर्डिंगमधल्या ‘जास्त बास’चं सर्वांत मोठं कारण हेच आहे: ठोक्याचा जोर नव्हे, ठोक्यानंतर उरलेला सूर.

उपाय तळहाताच्या कडेत आहे. करंगळीखालची मांसल कड ब्रिजच्या सॅडलवर (तारा खोक्यावर जिथे टेकतात त्या पट्टीवर) अशी टेकवा की ती सहावी, पाचवी आणि चौथी या तीनच तारांवर येईल, आणि तारांवर सॅडलच्या पुढे फक्त तीन ते पाच मिलिमीटर. त्याहून पुढे गेलात तर सुराऐवजी नुसता धप्प आवाज येतो. मागे, सॅडलवरच राहिलात तर काहीच दबत नाही. तिसरी, दुसरी, पहिली मोकळ्या राहायला हव्यात. मनगट किंचित जाड तारांकडे कललं की ते आपोआप साधतं. तपासायची सोपी रीत अशी: ठेका वाजवता वाजवता अंगठा थांबवा. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.६ सेकंदाची होते. उरलेला घुमारा साधारण एवढ्यातच विरायला हवा, आणि तरीही प्रत्येक ठोक्याचा सूर कोणता ते ओळखू यायला हवं. दोन्ही एकदम साधायला काही आठवडे जातात. या एका गोष्टीवर घालवलेला वेळ पुढच्या सगळ्या उपायांपेक्षा जास्त परत देतो.

किती दाबायचं हे शैलीवर ठरतं. मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉनचा जुना ब्लूज गिटारवादक जॉन हर्ट आलटता ठेका हलका ठेवायचा, सूर उमटू द्यायचा. बिग बिल ब्रून्झीचा एकाच तारेवर आपटणारा ठेका जवळजवळ ढोलासारखा दाबलेला असतो. एका शैलीचं दाबणं दुसरीत नेलं की ऐकणाऱ्याला ‘काहीतरी चुकतंय’ एवढंच कळतं, काय ते सांगता येत नाही.

दुसरी बाजू चालीची. अंगठा कमी करण्याआधी बोटं पुरेशी वाजतायत का ते पाहा. नुसत्या चालीचं एक रेकॉर्डिंग घ्या, अंगठा बंद ठेवून. मग ठेक्यासकट घ्या. दोन्हींत चालीच्या सुरांची उंची वेव्हफॉर्मवर जुळते का? बहुतेकांची जुळत नाही: अंगठा सुरू झाला की बोटांचा जोर नकळत उतरतो. पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर बोट तारेला नुसतं खरडत न जाता तळहाताकडे आत ओढलं गेलं पाहिजे. प्लास्टिकचा थंबपिक (अंगठ्यावर चढवायची नखी) वापरत असाल आणि बोटं उघडी असतील, तर असमतोल वाढतो. पिकचं टोक कानशीने थोडं आखूड आणि गोल करून घ्या, किंवा एक टेक उघड्या अंगठ्याने घेऊन फरक बघा. ब्लूज गिटारवादक गॅरी डेव्हिस अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोघांवर वाजवायचे, पण पिक दोन्हींवर असायचे.

खोकं

प्रत्येक अकूस्टिक गिटारच्या पोटातल्या हवेचा एक आवडता सूर असतो. ड्रेडनॉटसारख्या मोठ्या खोक्यात तो साधारण ९५ ते ११० हर्ट्झच्या दरम्यान येतो, लहान पार्लर खोक्यात त्याच्या वर. आता सहाव्या तारेवरचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, ९८ हर्ट्झवर आहे. सी कॉर्डच्या ठेक्यात सी १३१, ई १६५ आणि जी ९८. यातला जी नेमका खोक्याच्या आवडत्या जागी पडतो. म्हणून चार ठोक्यांतला एकच ठोका जास्त घुमतो. ऐकणारा मात्र म्हणतो, ‘तुझा अंगठा एकसारखा नाही’. अंगठा एकसारखा असतो, खोकं नसतं.

ओपन जी ट्यूनिंग (मोकळ्या तारांतूनच जी कॉर्ड वाजेल अशी जुळणी) लावली की हे आणखी वाढतं. पाचवी तार जी-वर, म्हणजे ९८ हर्ट्झवर उतरलेली, मोकळी आणि गाण्याचा मुख्य खर्ज तीच. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की तोच खर्ज ११० वर जातो. खोक्याचा सूर ९८ जवळ असेल तर एवढ्याने अर्धं काम होतं. पण खोलीची अडचण ११० वर असेल तर आगीतून फुफाट्यात, म्हणून खोलीचं गणित आधी वाचा.

खोक्याच्या सुरावर हाताने दोन गोष्टी करता येतात: त्या एका ठोक्याला अंगठा हलका करणं आणि सहावी तार इतर दोघींपेक्षा थोडी जास्त दाबणं. राहिलेलं शेवटी इक्वलायझरवर अरुंद कापात काढता येतं. गिटार मांडीवर ठेवताना मागची पाटी पोटाला पूर्ण चिकटली तर गिटारचा नाद बदलतो, तेही एकदा करून बघा. चाचणीत ज्या पद्धतीने धरली तशीच टेकमध्ये धरा.

खोली

चौकोनी खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकतात. हिशेब साधा आहे: ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की पहिला अडकणारा सूर मिळतो, त्याची दुप्पट हा दुसरा. पहिला सूर बहुतेक घरगुती खोल्यांत गिटारच्या खाली जातो, त्याने फारसं बिघडत नाही. घात करतो तो दुसरा.

एक खोली घेऊ, ३.१ मीटर रुंद आणि ४.२ मीटर लांब. रुंदीचा पहिला सूर ५५ हर्ट्झ, दुसरा ११०.६. मोकळी पाचवी तार ११० वर आहे. लांबीचा पहिला सूर ४१, दुसरा ८१.७. मोकळी सहावी तार ८२.४ वर. म्हणजे ए आणि ई या दोन्ही मोकळ्या खर्जांवर ही खोली स्वतः वाजते. या खोलीत ए-मधला ब्लूज रेकॉर्ड करायला बसलं तर गिटार, माईक, हात काहीही बदला, घुमारा जाणार नाही.

आणि बसायला जागा कुठली निवडली जाते? खोलीच्या मध्यभागी, भिंतींपासून लांब. दुसऱ्या सुराचा दाब सर्वांत जास्त असतो तो भिंतीला लागून आणि बरोबर मध्यभागी. सर्वांत कमी असतो भिंतीपासून एक चतुर्थांश अंतरावर. त्यामुळे वरच्या खोलीत माईक एका लांब भिंतीपासून ७८ सेंटीमीटर आणि एका आखूड भिंतीपासून १०५ सेंटीमीटर ठेवायचा. मोजपट्टी माईकपर्यंत धरा, खुर्चीपर्यंत नव्हे. तोंड खोलीकडे करून की भिंतीकडे, दोन्ही टेक घेऊन ठरवा. भिंतीकडे तोंड केल्यास माईकची पाठ भिंतीकडे येते आणि कार्डिऑइड माईक (मुख्यतः समोरचंच ऐकणारा) मागून परतणारा आवाज बराचसा टाळतो. भिंतीवर जाड रजई टांगली तर उत्तम.

पण रजई किंवा फोम खर्जासाठी नाही, एवढं ध्यानात असू द्या. ११० हर्ट्झची लहर ३.१ मीटर लांब असते. पाच सेंटीमीटर फोम तिला अडवू शकत नाही. फोम फक्त वरचे सूर शोषतो, खर्ज तसाच राहतो आणि तुलनेने घुमारा वाढल्यासारखा वाटतो. सगळ्या भिंतींना फोम चिकटवल्यावर रेकॉर्डिंग आणखी मंद का झालं, याचं उत्तर हेच.

समोरचं टेबल हीसुद्धा खोलीच. लॅपटॉपचं टेबल गुडघ्यांसमोर असेल तर गिटारचा आवाज त्यावर आपटून माईककडे दुसऱ्यांदा येतो. ही वाट सरळ वाटेपेक्षा ३४ सेंटीमीटर लांब असेल तर तो एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि ५०० हर्ट्झ, १५००, २५०० अशा जागी मूळ आवाजाशी भिडून तो खोडला जातो. पहिल्या तारेचा सातवा फ्रेट ४९४ वर आहे. म्हणजे मार बसतो तो चालीला, खर्जाला नाही. टेबल बाजूला सारा, लॅपटॉप मागे ठेवा. फुकटात होणारी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

माईक

साउंडहोलसमोर माईक लावणं नैसर्गिक वाटतं, कारण आवाज ‘तिथून येतो’. तिथून येते ती खोक्यातली हवा, म्हणजे वर सांगितलेला आवडता सूर. कुणी कान साउंडहोलपासून दहा सेंटीमीटरवर लावून गिटार ऐकत नाही, मग माईकनेही ऐकू नये.

सुरुवातीची जागा: तारांपासून २५ ते ३० सेंटीमीटर, बाराव्या फ्रेटसमोर, आणि माईकचं तोंड मान खोक्याला जिथे जुळते त्या सांध्याकडे. उंची तारांच्या पातळीवर. इथून पाच-पाच सेंटीमीटरने सरकवा. खर्ज कमी पडला तर खोक्याकडे, जास्त झाला तर फ्रेटबोर्डकडे. कार्डिऑइड माईक साधारण ३० सेंटीमीटरच्या आत आला की जवळपणामुळेच खर्ज फुगवतो, म्हणून ‘जवळ म्हणजे स्वच्छ’ हा नियम इथे उलटतो. खोली चांगली असेल तर ४५ ते ५० सेंटीमीटर न्या, ठेका आणि चाल जास्त एकजीव होतात. ओम्नी माईक (सगळ्या बाजूंनी ऐकणारा) जवळ आणला तरी खर्ज फुगवत नाही, पण खोली जास्त घेतो. फोनमधले माईक बहुधा ओम्नीच असतात. तेव्हा फोनवरचा घुमारा जवळपणाचा नसतो, तो जागेचा किंवा आपोआप लेव्हलचा असतो. फोन टेबलावर आडवा ठेवून रेकॉर्ड करू नका. ट्रायपॉडला लावा, नाहीतर पायाचा ठोका टेबलातून थेट आत जातो.

गायचंही असेल तर शक्यतो एकच माईक, ५० ते ६० सेंटीमीटरवर, हनुवटी आणि साउंडहोलच्या मधल्या उंचीवर. आवाज वरचढ होत असेल तर माईक खाली, गिटार वरचढ होत असेल तर वर. दोन माईक लावले की दोघांतही दोन्ही आवाज वेगवेगळ्या वेळी पोहोचतात आणि मिसळल्यावर पोकळ वाटतात. ज्यांना दोनच हवेत त्यांनी फिगर-एट माईक (पुढून-मागून ऐकणारा, बाजूंनी बहिरा) घ्यावा आणि त्याची बहिरी बाजू नेमकी तोंडाकडे करावी. इतर कुठल्याही दोन माईकपेक्षा यात घोळ कमी.

लेव्हल, आणि फोनची हुशारी

गाण्यातला सर्वांत जोराचा भाग वाजवून लेव्हल लावा, म्हणजे शिखरं -१२ ते -१० डेसिबलवर राहतील. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. याहून वर नेऊन काही मिळत नाही, आणि टेकच्या उत्साहात अंगठा चाचणीपेक्षा तीन-चार डेसिबल तरी जोरात पडतोच. शून्याला लागून आवाज फाटला की तो टेक गेला. फाटलेला ठोका नंतर पूर्ण दुरुस्त होत नाही.

आपोआप लेव्हल हा वेगळा आजार. यंत्र मोठा आवाज आला की लेव्हल खाली ओढतं, शांतता आली की वर नेतं. कंट्री ब्लूजमध्ये मोठा आवाज म्हणजे अंगठा, तोही प्रत्येक मात्रेला. त्यामुळे दर मात्रेला चाल खाली दाबली जाते आणि मधल्या फटीत खोलीचा आवाज फुगतो. रेकॉर्डर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो गेन’ बंद करा, ‘रॉ’ किंवा ‘अनप्रोसेस्ड’ असा स्रोत मिळत असेल तो निवडा. विंडोजवर माईकच्या गुणधर्मांत ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ बंद करा. आवाज गाळणारं, म्हणजे नॉइज सप्रेशन, तर हमखास बंद: ते माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं आणि लांब टिकलेल्या तारेला खोलीची घरघर समजून पुसतं. सुराची सुरुवात ऐकू येते आणि शेपूट गायब होतं, ते यामुळेच. झूमवर थेट ऐकवायचं असेल तर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, दोन्हीकडे हेडफोन लावा.

शांत पाच सेकंदांत बारीक गुणगुण ऐकू आली आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेली, तर प्रश्न सुटला, बॅटरीवर रेकॉर्ड करा. विजेची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झवर आणि तिच्या दुपटीवर, १०० किंवा १२० वर बसते, म्हणजे नेमकी खर्जाच्या पट्ट्यात.

तारांच्या किंचाळण्याबद्दल थोडं. बोटं सरकताना येणारी चिरचिर गुंडाळलेल्या तारांवरच येते, आणि अंगठ्याचा सगळा संसार त्या तारांवर. नव्या तारांवर ती सर्वांत जास्त. तारा बदलल्यावर दोन-तीन तास वाजवून मगच टेक घ्या. बोट सरकवण्याआधी उचललं की चिरचिर जाते. थोडीशी राहिली तर राहू द्या, ती हाताची खूण आहे. शर्टची बटणं, घड्याळ, खुर्चीची करकर मात्र घालवा.

आता इक्वलायझर

वरचं सगळं झाल्यावर साधारण एवढंच उरतं. ६० ते ६५ हर्ट्झच्या खाली हाय-पास (त्याखालचं सगळं गाळणारा फिल्टर), ऑक्टेव्हला, म्हणजे सप्तकाला, १२ डेसिबल उताराचा. सहावी तार डी-पर्यंत, ७३ हर्ट्झवर उतरवली असेल तर ५० ते ५५. चाचणीत सापडलेल्या एका सुरावर अरुंद काप, क्यू (आकडा जितका मोठा तितका काप अरुंद) ४ च्या आसपास, ३ ते ४ डेसिबल. आणखी कापावंसं वाटलं तर ते हाताचं किंवा जागेचं राहिलेलं काम आहे, मागे जा. खोकं ‘पुठ्ठ्यासारखं’ वाटत असेल तर २०० ते २५० वर रुंद काप, दोन डेसिबल. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) अभिप्रायासाठीच्या फाइलवर लावू नका. तो अंगठ्याच्या ठोक्याने कामाला लागतो आणि चालीला दाबतो, म्हणजे आपोआप लेव्हलचा आजार पैसे मोजून परत आणल्यासारखं होतं.

तुलना कशाशी करताय तेही पाहा. हर्टची १९२८ ची ओके कंपनीची रेकॉर्डं किंवा रॉबर्ट जॉन्सनची १९३६ ची सॅन अँटोनिओतली रेकॉर्डं थेट तबकडीवर कोरली गेली, आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत खर्जाचा तळ पुसट उतरतो. वर्षानुवर्षं ती ऐकून तयार झालेल्या कानाला आजच्या माईकमध्ये पूर्ण उतरलेला ८० ते १२० चा पट्टा जास्तच वाटणार. तसाच आवाज हवा असेल तर बिनधास्त कापा, पण ती निवड असू द्या.

ऐकायला पाठवताना

‘बास फार आहे’ आणि ‘बास ऐकूच येत नाही’ हे दोन अभिप्राय एकाच फाइलवर येतात तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. फोनच्या छोट्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच निघत नाही. अंगठ्याचे मूळ सूर तिथे नसतातच, फक्त त्यांचे वरचे अंश ऐकू येतात. खर्ज फुगवणाऱ्या हेडफोनवर उलट. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो, ‘कशावर ऐकलंत?’ पाठवण्याआधी स्वतःही हेडफोन, फोनचा स्पीकर आणि साधा स्पीकर अशा तिन्हींवर ऐका. तिन्हींवर चाल पुढे राहिली तर समतोल जमला.

व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, ती बोलण्यासाठी दाबून लहान केलेली असते. फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची मोनो वेव्ह फाइल मिनिटाला साधारण ८.६ एमबी होते. जड वाटली तर १९२ केबीपीएस किंवा वरचा एमपीथ्री चालतो. एका माईकचं रेकॉर्डिंग मोनोच ठेवा, उगाच स्टिरिओ रुंदी देऊ नका.

६० ते ९० सेकंद पुरे. एक पूर्ण फेरा, न तोडता, चुकलेली जागासुद्धा तशीच. जोडून घेतलेल्या टेकवर कुणी लयीबद्दल काही सांगू शकत नाही. सोबत लिहायचं ते असं असावं: ‘सी-मध्ये, स्टँडर्ड ट्यूनिंग, कॅपो नाही, मिनिटाला ९६. उघडा अंगठा, दोन बोटं. कार्डिऑइड माईक, बाराव्या फ्रेटसमोर, २८ सेंटीमीटर. ६० वर हाय-पास, बाकी काही नाही. प्रश्न: ०:२२ ते ०:३१ एफ कॉर्डवर चाल दबते का, आणि तिथे ठेका अडखळतो का?’ असा प्रश्न टाकला की उत्तर देणाऱ्याला ‘छान’ म्हणून सुटता येत नाही.

लयीबद्दल शंका कुणी काढली तर वाद घालू नका, मोजा. ९६ च्या लयीत एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची. वेव्हफॉर्मवर अंगठ्याचे सलग आठ ठोके पाहा. चालीचा सूर दोन मात्रांच्या मध्ये आला की त्यापुढचा ठोका २०-३० मिलिसेकंद मागे पडतोय का? पडत असेल तर त्याच जागी ऐकणाऱ्याला ‘खर्ज जड’ वाटलेला असू शकतो. उशिरा पडलेला ठोका जास्त वजनदार वाटू शकतो, लेव्हल तीच असली तरी. अशी जागा निम्म्या लयीत, नुसता अंगठा आणि तो एकच मधला सूर घेऊन घोटायची.

दोन टेकची तुलना मागायची असेल तर दोन्हींची लेव्हल सारखी करून पाठवा. एक डेसिबल जोरात असलेला टेक बहुतेकांना ‘चांगला’ वाटतो. सुधारून पुन्हा पाठवताना खुर्चीचे पाय आणि माईक स्टँडचे पाय जमिनीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवलेल्या जागीच असू द्यात, लेव्हल तीच, तारा त्याच. बदललेली गोष्ट एकच, आणि ती कोणती हे पत्रात लिहू नका, ऐकणाऱ्यालाच ओळखू द्या.